दोन ठोक्यांच्या आधी

मल्हारीबद्दल मला फारच थोडं माहीत आहे. त्याचं आडनावसुद्धा मी पहिल्यांदा पोलिसांच्या कागदावर वाचलं. जालना रोडला एका तळघरात बोलिंगचा खेळ चालायचा. लांब लाकडी पट्टीवरून जड चेंडू सोडायचा आणि टोकाच्या दहा पिना पाडायच्या. तिथं मी काउंटरवर गिऱ्हाइकांना बूट द्यायचो, तो पिना उभ्या करायचा. तीन वर्षं. एवढ्यावर त्याच्याविषयी लिहावं का, ते मला कळत नाही.

पिना लावायचं यंत्र बिघडलं, तेव्हा मालकांनी मल्हारीला मागं बसवलं. यंत्रं येण्याआधी परदेशातही माणसंच हे काम करत, तसा जुना फोटो भिंतीवर होता. मालक सांगायचे, पूर्वी पिना नऊच असत. जुगार होतो म्हणून नऊ पिनांच्या खेळावर बंदी आली, तर लोकांनी दहावी वाढवली.

मल्हारी हसला. "म्हंजी दहावी पळवाट हाय!"

त्यानं पैठणकडं मेंढरं राखलेली. पुढची पिन त्याच्या लेखी म्होरकी. चेंडू कडेच्या खोबणीत गेला की पोरं ओरडत, "नालीत गेला बे!" लागोपाठ तीनदा सगळ्या पिना पडल्या की "टर्की!" दोन टोकांना दोनच उरल्या की मल्हारी आतून म्हणे, "शिंगं राहिली, मालक!"

पिना लावून झाल्या की तो कठड्यावर पाय वर घेऊन बसे आणि काठीनं फळीवर दोन ठोके मारी. त्याआधी चेंडू सोडायचा नाही, हा नियम. गावाकडं चराईच्या भांडणात त्यानं काठीनंच एकाचं डोकं फोडलं होतं. तो जामिनावर होता. बायकोनं, पुतळाबाईनं, त्याला देवाचा भंडारा उचलायला लावून शपथ घ्यायला लावली होती.

"पुन्हा हात उचलला की जामीन गेला, काका," तो मला म्हणायचा. "अन् पुतळाबी."

त्या रविवारी दुपारी ऋतुराज नावाचं नेहमीचं गिऱ्हाईक दोन मित्रांना घेऊन आलं.

"ठोक्याआधी सोड," एक मित्र म्हणाला, "बघू कसा नाचतो."

मल्हारी वाकून म्होरकी उभी करत होता. ऋतुराजनं चेंडू उचललेला मला दिसला. मी हातातल्या बुटांच्या नाड्या बांधत राहिलो.

सात किलोचा चेंडू मल्हारीच्या उजव्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज काउंटरपर्यंत आला. उडालेल्या पिनेनं भुवई फाटली.

"अकरा पाडले बे!" ऋतुराज ओरडला.

मल्हारी पाय ओढत तेलकट पट्टीवरून आला. दोनदा पडला. मागं रक्ताचा पट्टा. हातात पिन, मानेला धरलेली.

"मल्हारी, जामीन..." मी म्हणालो. हळूच म्हणालो.

"अरे मामू, मजाक था," ऋतुराज मागं सरकला.

पहिला घाव गळ्याच्या हाडावर बसला. दुसऱ्यानं दात पडले. तिसरा घाव, चेंडू सोडणाऱ्या हातावर. मित्रांनी मल्हारीच्या पाठीत खुर्ची घातली, त्यानं वळूनही पाहिलं नाही. मग ती रक्ताळलेली पिन त्यानं फरशीवर नीट उभी केली आणि खाली बसला.

पोलिसांनी विचारलं, आधी कोणी मारलं? "चेंडू ठोक्यांआधी सुटला," मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. तरी पुढं जामीन रद्द झालाच. पुतळाबाईचं काय झालं, मला माहीत नाही.

त्या दिवशी नेताना दोघा शिपायांनी त्याला काखेत धरलं होतं. काउंटरपाशी तो थांबला.

"काका, चप्पल?"

मी खणातून काढली.

"डावीच द्या. उजव्या पायात जायची नाय."

"उजवी ठेवतो मग."

"ठेवा."