गजाननची साक्ष

चंद्रकलाबाई बोर्डासमोर बसून धडधडीत खोटं बोलत होत्या.

“जेवतो कसा?” अध्यक्ष डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“हातानं.”

“आंघोळ, कपडे?”

“करतो की. आमच्या गजाननची काही तकलीफ न्हाई.”

शेजारी व्हीलचेअरवर त्यांचा तिशीतला मुलगा गजानन. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून पाडलेला भांग. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. म्हणजे हातपाय मेंदूचं ऐकत नाहीत. बुद्धी मात्र शाबूत. मॅच संपली की कॅप्टन कुठे चुकला ते मला ऐकवल्याशिवाय राहत नाही. मी सरकारी फिजिओथेरपिस्ट. डोंगरकडा गावी त्यांच्या घरी व्यायाम शिकवायला बऱ्याचदा गेलोय. घास भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं चंद्रकलाबाई करतात. नवरा वारलेला, घरात हे दोघंच. अर्ज मीच भरायला लावला होता, म्हणून सोबत आलो होतो.

हा बोर्ड दिव्यांगत्वाचे टक्के ठरवणारा नव्हे. शरीर किती चालत नाही ते टक्के सांगतात. इथं बघायचं की रोजच्या जगण्यात दुसऱ्या माणसाचा आधार किती लागतो. दिव्यांग हक्क कायद्यात ‘उच्च आधाराची गरज’ असं म्हणतात. तसा शेरा मिळाला तर मदतनीस मागता येतो, काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूदही आहे. तरतूद आहे म्हणजे भत्ता हातात पडतोच असं नाही, पण शेराच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

“मग गरज कमी दिसते,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, जरा थांबा,” मी म्हणालो. “मावशी, खरं सांगा ना.”

“खरंच सांगून राहिले. तुमी काहून मधी पडता, सर?”

माझं डोकं फिरलं. मागच्याच महिन्यात त्याला उचलताना त्या पडल्या होत्या. शेजारीण येईपर्यंत मायलेक दोघंही फरशीवर. उद्या बाई अंथरुणाला खिळल्या तर त्याला पाणी कोण पाजणार?

तेवढ्यात गजानन बोलू लागला. त्याचे शब्द ताणले जातात, नवख्याला नुसता आवाज ऐकू येतो.

“काय म्हणतोय?” मॅडमनी आईला विचारलं.

“पानी मागून राहिला.”

पाणीबिणी काही नाही. तो म्हणाला होता, “माय खोटं बोलती.” आता तो जोरजोरात मान हलवू लागला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. बाहेर तुडुंब गर्दी होती, तरी त्या म्हणाल्या, “तुम्हीच सांगा. मला कळेपर्यंत सांगा. घाई नाही.”

त्याने सांगितलं. एकेक शब्द घाम गाळत, तीनतीनदा. “घास माय भरवती. उचलती माय. तिची कंबर गेली. मला माणूस पायजे. तिच्यासाठी.”

चंद्रकलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “लेकराचं उणं त्याच्याच तोंडावर कसं सांगू, बाई? जन्मभर गावाला सांगत आले, माझ्या पोराचं मला ओझं न्हाई.”

गजानन पुन्हा काहीतरी बोलला. बाई रडतारडता हसल्या. या वेळी त्यांनी बरोबर सांगितलं, “म्हणतो, वजन तर हायेच. मॅडमला म्हणावं, उचलून बघा.”

मॅडम खळखळून हसल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मुलाची लाज राखायला आई खोटं बोलते आणि आईची कंबर वाचवायला मुलगा सगळ्यांसमोर आपली लाज सोडतो. अशी माणसं बघायला मिळतात म्हणून ही नोकरी मी कुरकुरत का होईना, करतो.

शेरा मिळाला. पुढे बरेच हेलपाटे झाले, ते सांगण्यासारखे नाहीत. पण सकाळी येणारा मदतनीस मिळाला. भत्त्याचा अर्ज अजून प्रवासात आहे.

मदतनीस रुळल्यावर एक दिवस चंद्रकलाबाई माझ्या ओपीडीत आल्या, एकट्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केसपेपरवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

“कंबर किती दुखते, मावशी?”

“फार न्हाई. उगं जराशी.”

सेवा करणाऱ्या माणसाला त्याच्या दुखण्याबद्दल विचारून काही उपयोग नसतो, एवढं मी आता शिकलोय. मी मोबाइल काढला आणि गजाननला फोन लावला.