खिशात ठेवलेलं पान

महाडच्या आमच्या ग्रुपवर सकाळी आगीचा व्हिडिओ आला. आग अजून विझलीही नव्हती. खाली कुणाची तरी बायको विचारत होती, "कुठली कंपनी हाय?" आणि मला कुडपणच्या देवळाची पायरी आठवली.

माझे वडील कुडपणला शाळामास्तर होते. संध्याकाळी मुंबईचा पेपर आला की ते पायरीवर बसून मोठ्याने वाचायचे. घरटी कुणी ना कुणी मुंबईत, त्यामुळे बायका आवर्जून जमायच्या. साड्यांच्या जाहिरातीसुद्धा त्यांना ऐकायच्या असत.

एकदा वडील मधल्या पानावर थबकले. ते पान घडी घालून त्यांनी खिशात ठेवलं.

"गुरुजी, ते पान रायलं," सखूकाकी म्हणाली. तिचा मुलगा कुर्ल्याच्या कारखान्यात होता.

"त्यात नुसत्या जाहिराती आहेत," म्हणत वडील उठले आणि फोन करायला डोंगर उतरून खाली पोलादपूरच्या वाटेला लागले.

सकाळी परतले ते थेट तिच्या दारात. "कारखान्यात आग लागली होती. पोरगा सुखरूप आहे."

काकी उंबऱ्यावरच बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"जाहिराती तुम्ही कधी सोडत नाय, गुरुजी," ती म्हणाली. "पण तुम्ही खाली निघालात ना, त्याच्यावर रात काढली."