भाल्याची दोरी मनगटाला नको

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज मी लोणच्याची कृती लिहिणार होते. ते राहू दे. आधी सकाळचं सांगते.

माझा धाकटा भाऊ आप्पा वेदगंगेत भाल्यानं मासे मारतो. लोहाराकडून नवं पातं आणलं होतं. दांडा बाभळीचा बसवत होता. "हा जड, बुडेल. वेळूचा बसव," मी म्हटलं. तेवढं ऐकलं. मग भाला वाहून जाऊ नये म्हणून दोरी स्वतःच्या मनगटाला बांधायला लागला. आमच्याकडे सगळे तशीच बांधतात.

"मनगटाला नको. वाळक्या भोपळ्याला बांध, तो तरंगतो."

"कॉलेजात मासं मारायला शिकवलं व्हय गं, आक्का?"

मी दोरी हिसकावून भोपळ्याला गाठ मारली.

तासाभरात भाला एका दांडग्या माशाला लागला. मासा डोहाकडे पळाला आणि दोरीमागोमाग भोपळा गडप झाला. आम्ही काठाकाठानं खाली धावलो. बऱ्याच वेळानं भोपळा खालच्या वळणावर वर आला.

आप्पा मनगट चोळत म्हणाला, "डोहात वडून नेलं असतं गं मला."

दुपारी त्याच माशाचं कालवण वाढताना मी आप्पाचं मनगट धरलं. रस्सा गरम आहे, असं सांगून मग सोडलं.

तुमच्याकडे दोरी कशाला बांधतात? आजच बघून घ्या.