भाचीच्या आजारपणात माझी भूमिका

गावच्या नाटकांत मी तीन राजे, दोन सावकार, एक फितूर सेनापती आणि ऐन वेळी नटी न आल्यामुळे एक विधवा एवढ्या भूमिका केल्या आहेत. सर्वांत जास्त टाळ्या विधवेला पडल्या, हे माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते. पण ज्या भूमिकेसाठी लोक घरी येऊन रडले आणि जाताना उशाशी बिस्किटाचे पुडे ठेवून गेले, ती मला बावन्नाव्या वर्षी मिळाली. पेशंटची. आणि आजार माझा नव्हता.

किन्हीराजाला माझं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, कर्णे. आणि लग्नात माईकवर बोलायला मी स्वतः. पावसाळ्यात लग्नं नसतात. खुर्च्या गोदामात एकमेकींच्या मांडीवर बसून असतात आणि मी ओट्यावर. एक काम मात्र असतं. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि वाचणारा मी. माझा आवाज शेवटच्या घरापर्यंत जातो, म्हणून आमच्याकडे अजून कुणी कर्ण्याची मागणी केलेली नाही.

अशाच एका श्रावणात केनवडहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. मी तिला बाई म्हणतो.

"पोरीले तुह्याकडं पाठवून राह्यली," ती म्हणाली. "दीड महिना ठेव. आन कोनाले काही सांगू नको. तुह्या तोंडाचा काही भरोसा नाई, म्हनून दोनदा सांगतो. कोनाले काही सांगू नको."

पोरगी म्हणजे माझी भाची. बावीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. वर्षभरापासून तिचं मन आजारी होतं. सकाळी उठून आंघोळ करायची की नाही, एवढं ठरवण्यात तिचे दोन तास जायचे. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद झाले. वाशीमच्या डॉक्टरांनी आधी एक औषध दिलं, मग दुसरं. जेमतेम फरक पडला. शेवटी त्यांनी अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं आणि त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, चुंबकाचा उपचार करून बघू. आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस बैठका.

"डोक्याले चुंबक लावतेत म्हने," बाई फोनवर कुजबुजली. तिच्या घरात ती एकटीच होती, तरी कुजबुजली. "लोकं काय म्हनतीन? पोरीचं लग्न व्हायचं हाये. आता एक स्थळबी आलं हाये. कोनी इचारलं तं कॉम्प्युटरचा क्लास लावला म्हनून सांग."

पहिल्या दिवशी मी भाचीसोबत आत गेलो. डॉक्टरबाईंनी तिला कानातलं, पिना, चेन काढून ठेवायला सांगितलं. मला खिसे रिकामे करायला लावले. किल्ल्या, मोबाईल, सुटे पैसे, कमरेचा पट्टा, माझ्याकडून एवढं लोखंड निघालं की बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा लांबच बसा." भाचीला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं, कानात बोळे दिले आणि इंग्रजी आठच्या आकाराची एक चपटी वस्तू तिच्या डोक्याशी धरली. टक. थोडी सरकवली. टक. आणखी थोडी. टक! भाचीच्या उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. आयुष्यभर मी दोऱ्या ओढून पडदे हलवले, पण बिनदोरीचं काम पहिल्यांदाच बघत होतो.

"यावरून जोर किती लावायचा ते कळतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता जरा पुढे सरकायचं. मन सांभाळणारा मेंदूचा भाग इथे सुस्तावलेला असतो, त्याला बाहेरून हाका मारायच्या. शॉक नाही, भूल नाही. काम झालं की घरी."

"म्हंजे मॅडम, मेंदूचं दार वाजवून राह्यले तुमी," मी म्हणालो. "आन आतून कोनी 'कोन हाय' म्हनलं तं?"

डॉक्टरबाई हसल्या. भाची हसली नाही. बाईंनी मग तिच्याकडेच बघून सांगितलं की फरक दोन-तीन आठवड्यांनी दिसेल, काहींना खूप दिसतो, काहींना थोडा, काहींना नाहीही दिसत. पण मधे सोडायचं नाही आणि गोळ्याही बंद करायच्या नाहीत. भाचीने मान हलवली. त्या वीस मिनिटांत ती एवढंच बोलली.

बहिणीची क्लासची थाप तिसऱ्या दिवशी फुटली. अकोल्याला जायचं तर आधी मालेगाव गाठावं लागतं, आणि त्या बसमध्ये आमच्या गावचे एक गुरुजी रोज अपडाऊन करतात. त्यांनी विचारलं, "मामा-भाची रोज कुठं?"

"पोरीनं अकोल्याले कॉम्प्युटरचा क्लास लावला, गुरुजी."

"कोनता? माहा पुतन्या तितंच शिकोते. चांगली ओयख हाये, फी कमी करून देतो."

नटाला स्टेजवर संवाद आठवेना की तो जवळचा कुठलाही संवाद फेकतो. मी फेकला. "क्लास कायचा गुरुजी, ट्रीटमेंट चालू हाये. माही. पोरगी सोबत येते."

"काय झालं बाप्पा?"

इथे मी गुडघा दाखवायला हवा होता. कंबर चालली असती. पण मी कपाळावर बोट ठेवलं, नाटकातली सवय म्हणून डोळे मिटले आणि एक उसासा सोडला. उसासा छान लागला. गुरुजींनी पुढे एक शब्द विचारला नाही आणि खिडकीची जागा मला दिली.

त्या संध्याकाळी बस उशिरा आल्याने माझं वाचन चुकलं. झालं. विहारात जमलेल्या मंडळींना गुरुजींनी पोहोचवलेला माझा उसासा आणि माझी गैरहजेरी एकदम मिळाली. दुसऱ्या दिवसापासून लोक मला बघायला यायला लागले.

आमच्याकडे कुणी आजारी पडलं की बघायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. रिकाम्या हाताने जायचं नाही, बिस्किटाचा पुडा न्यायचा. पेशंटला बिस्कीट चालतं की नाही हे कुणी विचारत नाही. मी लोकांना खरं सांगू शकत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर मला फारसं सांगावंसंही वाटत नव्हतं. पहिल्या दिवशी मी नुसता खाटेवर बसलो. दुसऱ्या दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळला. चौथ्या दिवशी आवाज खोल नेला.

"अवो, उठा आता," बायको दात ओठ खात म्हणायची. "मरनाऱ्या मानसाले जमत नाई एवढं चांगलं सोंग करून राह्यले."

शेजारची म्हातारी आजी माझ्या डोक्यावरून हात फिरवून रडली. "लेकरा, तुहा आवाज कसा गेला रे! आता आमाले कोन वाचून दाखवीन?" एक दूरचे काका यायचे. त्यांना डोक्याच्या आजाराने गेलेली सगळी माणसं तोंडपाठ होती. आसेगावचा मेहुणा, त्याचा चुलत भाऊ, एक ओळखीचा ड्रायव्हर. प्रत्येकाची शेवटची इच्छा ते सांगत आणि वर म्हणत, "पन तू घाबरू नको."

या सगळ्यांना चहा कोण देत होतं? भाची. दिवसभर अकोल्याचा प्रवास करून आल्यावर ती ट्रे घेऊन फिरायची. एकदा काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "पोरगी गुनाची हाये बरं. पाहा, तरनीताठी, ना दुखनं ना खुपनं, आन मामासाठी राबून राह्यली."

मी टॉवेलच्या आतून मान डोलावली. भाचीकडे बघितलंच नाही. ती चूक मला आजही आठवते.

अकरावी बैठक झाली त्या संध्याकाळी, लोक गेल्यावर, ती रिकामे कप उचलत म्हणाली, "मामा, उद्यापासून मी येत नाई."

"काहून? त्रास होऊन राह्यला काय?"

"त्याचा नाई होत." तिने कप खाली ठेवले. "तुमाले काही झालं नाई, तं आख्खं गाव पाहाले येते. मले झालं, तं मी चहा करतो."

मी डोक्याचा टॉवेल सोडला आणि हातात धरून बसलो.

सकाळी बस हॉर्न वाजवून गेली. भाची भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक दिवस गेला तर शनिवारी भरून काढू, पण तिला सोडू देऊ नका. मग बहिणीला लावला.

"पोरगी येत नाई म्हनते. बाई, हे लपवनं पुरे कर."

"अन् ते स्थळ?"

"स्थळ मोठं का पोरगी?"

बहीण या खेपेला कुजबुजली नाही, मोठ्याने म्हणाली, "तिलेच इचार. तिले लपवायचं नसन तं मी कोन?"

मी भाचीला विचारलं. ती "पाहू" म्हणाली.

संध्याकाळी आजी आली, काका आले, आणखी चार-पाच जणी आल्या. मी ठरवलं होतं की कबुली माझीच. खाटेवर उभा राहिलो, टॉवेल भिरकावला, छातीवर हात ठेवला. "मंडळी! आज मी तुमच्यापुढं..."

"मामा, खाली बसा," स्वयंपाकघराच्या दारातून भाची म्हणाली. "माहं मीच सांगीन."

तिने सांगितलं. उभी राहून, ट्रे छातीशी धरून, चार-पाच वाक्यांत. वर्ष झालं, मन आजारी आहे, गोळ्यांनी पुरतं भागलं नाही, अकोल्याला माझ्याच डोक्याला चुंबक लावतात, मामाला काही झालेलं नाही. वाक्य एकही अर्धं राहिलं नाही. माझी बायको तिच्या मागे येऊन उभी राहिली.

आलेल्यांपैकी एक जण म्हणाली, "असं काही नसते बाप्पा, पोरीले काम सांगा, आपोआप ठीक होते."

"मावशी, दहा दिवसांपासून तुमाले चहा मीच देऊन राह्यली," भाची म्हणाली. "कामानं होत असतं तं झालं असतं."

आजीने तिला जवळ ओढून बसवलं. "दुखते काय माय ते?"

"नाई आजी. सुतार पक्षी टोचते तसं वाटते. टकटक, टकटक."

"रोज टोचते?"

"रोज. वीस मिनिटं."

आजीने तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूला बोट लावून बघितलं, पिकलेल्या आंब्याला लावतात तसं. काका मात्र अजून माझ्याकडेच बघत होते.

"म्हंजे तुले काहीच नाई झालं?"

"काहीच नाई, काका."

"मंग मी आठ दिवसांपासून कोनासाठी येऊन राह्यलो?" त्यांनी माझ्या उशाशी हात घातला, आपला पुडा नेमका ओळखून काढला आणि भाचीच्या मांडीवर ठेवला. "हे घे पोरी. त्या नकली मानसाले एकबी देऊ नको."

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. स्थळवाल्यांचा पुन्हा फोन आला नाही. बहीण दोन दिवस रडली. भाची "गेले तं गेले" म्हणाली. गावात कुणी म्हणे बाहेरचं आहे, कुणी म्हणे मोबाईलमुळे. पण दुपारी बायका तिला बघायला यायच्या, आणि आता चहा माझ्या हातचा असायचा. तो इतका वाईट होता की गर्दी आपोआप आटोक्यात राहिली. मी विहारात परत वाचायला लागलो. पहिल्या दिवशी मंडळींनी माझा आवाज ऐकून मुद्दाम खोकून दाखवलं.

चौथ्या आठवड्यात भाचीने एका जेवणात दुसरी भाकरी मागून घेतली. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी, माझ्यासारखा माणूस, तोंड बंद ठेवलं. त्याच आठवड्यात ती मेडशीच्या पुढे खिडकीतून शेतं बघत म्हणाली, "सोयाबीन किती हिरवं झालं." ते महिनाभर तसंच हिरवं होतं. डॉक्टरबाई दर आठवड्याला प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायच्या; पाचव्या आठवड्यात त्यांनी पहिला कागद आणि नवा कागद शेजारी ठेवून तिला दाखवले. आजार पूर्ण गेला, असं त्या म्हणाल्या नाहीत. अर्ध्याच्या वर उतरला, म्हणाल्या. गोळ्या अजून चालू राहतील.

शेवटचा आठवडा लागला तेव्हा सोमवारी मी तयार होऊन, अत्तर लावून दारात उभा. भाची बाहेर आली, पिशवी खांद्याला.

"मामा, तुमी नका येऊ."

"काहून?"

"एकटी जातो."

"अवं पन सोबत? बोलाले कोनी नको?"

"त्याच्यासाठीच एकटी जातो."

बस आली, ती चढली, खिडकीत बसली आणि हात केला. मी बराच वेळ स्टँडवर उभा राहिलो, म्हणजे शोभेल इतका वेळ. मग घरी आलो. बायकोने गोदामातल्या खुर्च्या पुसायला लावल्या.

तीसपैकी शेवटच्या पाच बैठका मी पाहिल्या नाहीत. तिथे ती डॉक्टरबाईंशी काय बोलली, येताना पातूरला उतरून एकटीने काय खाल्लं, मला माहीत नाही. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा नाव घालायचं नाही या अटीवर ती हो म्हणाली. त्या पाच दिवसांचं विचारलं, तर म्हणाली, "ते नाई सांगत. तुमी लग्नात माईकवर सांगसान."

खोटं कशाला बोलू? सांगितलंच असतं.