रशीदमिस्त्रींची पाच पावलं

रशीदमिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी घोडेगावच्या बाजारात शेळी बघत होते. त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. "काकू, अब्बा गेले सकाळी… झोपेतच." शेळी तिथंच सोडून मी सोनईला त्यांच्या घरची वाट धरली. त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या भागातले ट्रॅक्टर मिस्त्रींनी तीसेक वर्षं दुरुस्त केले. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. मळणी मशीन फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, म्हणजे पीटीओ, नव्या गाड्यांत बटणावर चालू व्हायला लागला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. जुन्या गाडीत क्लच दाबून लिव्हर ओढावी लागते. "गिअर बसल्यालं हाताला कळतं, वैनी. बटणाला काय कळतंय?" म्हणायचे. आमचा ट्रॅक्टर लिव्हरचाच, त्यामुळं आम्हालाही ते पटायचं.

मग गव्हाच्या मळणीचा तो दिवस. मशीन खडखडतंय म्हणून माझ्या यजमानांनी मिस्त्रींना बोलावलं होतं. हे गंजीवरून पेंढ्या टाकत होते, मिस्त्री मशीनजवळ कान देऊन उभे. मी खाली पडलेली पेंढी उचलायला वाकले आणि पदर फिरत्या शाफ्टला गुंडाळला. ओरडायलाही सवड मिळाली नाही… मिस्त्री धावले, ट्रॅक्टरवर चढले, क्लच दाबून लिव्हर ओढली. शाफ्ट थांबला तेव्हा माझा डावा हात मोडला होता, पण जीव शाबूत होता. पदर त्यांनीच कापला, अंगातला शर्ट काढून माझ्यावर टाकला आणि पाठ फिरवून उभे राहिले.

दवाखान्यात भेटायला आले, खाटेजवळ बसले. मग म्हणाले, "वैनी, माझं चुकत हुतं. लिव्हरपर्यंत जायला मला पाच पावलं लागली, वर चढावं लागलं. मडगार्डवर बटण असतं तर उभ्या जागी थांबवला असता."

"पण पोचलात ना, मिस्त्री."

"मी पोचलो. दुसऱ्या कुनाला न्हाई जमलं तर?"

साठी ओलांडलेला हा माणूस त्यानंतर नगरला जाऊन बटणाच्या पीटीओची वायरिंग शिकून आला. लिव्हरचा ट्रॅक्टर दुरुस्तीला आला, की शाफ्टवर झाकण बसवल्याशिवाय सोडायचे नाहीत. ज्यांच्यापुढं वर्षानुवर्षं लिव्हरची तारीफ केली, त्यांच्या वस्तीवर स्वतः जाऊन सांगायचे, "मी तुमाला चुकीचं सांगितलं हुतं." लोक हसायचे. मिस्त्रीही हसायचे, आणि शाफ्टचं माप घ्यायचे. एवढ्या नावाजलेल्या मिस्त्रीला आपली चूक अशी दारोदार सांगताना मी पाहिलंय. असं करणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

आमचा आताचा ट्रॅक्टर बटणाचा आहे, आणि तो मी चालवते. मिस्त्रींनीच शिकवलं. परवा बाजरीची मळणी होती. मशीनमध्ये कणसं अडकली म्हणून मी बटण दाबलं. जाऊबाई म्हणाल्या, "आता उतर की, बंद झालंय."

बटण दाबल्यावरही शाफ्ट दोन-चार फेरे घेतो. तो पुरता थांबलेला डोळ्यांनी बघायचा, मगच खाली पाय ठेवायचा… हे मिस्त्रींचं सांगणं. मी सीटवर मागं वळून बसून राहिले. शाफ्ट थांबला, मग उतरले.