खाली दिवा चालू होता

"दिवा चालू हाय ना खाली? मग माझा भाऊ जिता हाय!" केशव ओरडला आणि त्याने दोराला हात घातला. मी मागून त्याची गचांडी धरली.

पेठ रस्त्याला डोंगरात ती उभी कपार आहे. विहिरीसारखी खोल, पण अरुंद. केशवचा भाऊ सोमा पडलेली शेळी काढायला आत उतरला होता. नंतर हाकेला ओ नाही. वाकून बघितलं तर तळाला पांढरा उजेड. जराही हलत नव्हता. रात्री शेताला पाणी देताना लोक डोक्याला बांधतात तो एलईडी.

मी चौथी शिकलेला. हयात बोगद्याच्या कामावर गेली. यंदा बायको गेली, घरात बसवत नाही. रेस्क्यू टीमच्या मॅडम बोलावतात, मी जातो. टीमला गुहेत उतरायला हेडलॅम्प घ्यायचे होते. जुने-नवे तपासायला माझ्याकडे दिलेले, ते पिशवीतच होते.

जुना म्हणजे कार्बाइडचा. खाली खडे, वर पाणी. पाणी ठिबकलं की गॅस होतो, तो कपाळावर जळतो. वास मारतो, वाऱ्याने विझतो, खडे बदलत बसा. एलईडीला ती कटकट नाही. चांगला असला तर पाण्यात पडूनही चालतो. उजेडात तोच वरचढ, वाद नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, गॅस मीटर मागच्या गाडीत राहिलाय. कार्बाइडचा दिवा खाली सोडून हवा बघायची?"

"नको. तो लय चिवट. माणसाला घेरी आली तरी जळतो. मेणबत्ती आधी मरते. तीच सोडू."

डब्यात मेणबत्ती लावून सुतळीने सोडली. निम्म्यात ज्योत बारीक झाली आणि गेली. परत लावली, परत तिथंच गेली. खाली हवा नव्हती.

"तुझी मेणबत्ती इझली! त्याचा दिवा कुठं इझला? भ्यालास म्हाताऱ्या!"

"त्या दिव्याला सेल लागतो. हवा नाय लागत."

"तुझं कोन असतं खाली तर?"

"माझी गेली. मी तिच्यामागं उडी नाय मारली. खाली बस."

तो माझ्या हाताला कडकडून चावला. मी सोडलं नाही. टीमच्या दोघांनी त्याला धरून ठेवलं.

विहीर खोदणाऱ्यांकडून ब्लोअर आणला. पाइप तळापर्यंत सोडून हवा मारली. मीटरही आला. मेणबत्ती तळाला जळत राहिली आणि मीटरनेही हो म्हटलं, तेव्हा मॅडम उतरल्या. बऱ्याच वेळाने आवाज आला, "काका, स्ट्रेचर सोडा. घाई नको."

घाई नको म्हणजे काय, ते आम्हाला कळलं. केशव विचारत राहिला, "बोलतोय का? अहो, बोलतोय का?"

सोमा वर आला तेव्हा दिवा कपाळावर तसाच. उजेड केशवच्या तोंडावर पडला. त्याने डोळे मिटले. मी बटण दाबलं. एका दाबाने तो लुकलुकायला लागतो. दोनदा दाबावं लागलं.

टीमने एलईडीच घेतले, माणशी दोन. मी तेच सांगितलं. एलईडी घ्या, बरोबर मेणबत्ती आणि मीटर ठेवा. दिव्याला वाट विचारावी, हवा विचारू नये.

केशव मला अजून शिव्या घालतो म्हणतात. घालू दे. घालायला राहिलाय तरी.