कंडक्टर मावशींची पाशिंजर

कंडक्टर मावशींचा आवाज पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीच्या या टोकाला सुरू झाला, की त्या टोकाचा भाजीवाला आपलं ओरडणं थांबवायचा. सगळी नोकरी एसटीत, अजिंठ्याच्या गाडीवर गेलेली. त्यामुळे साधं ‘चहा घेती का’सुद्धा त्या शेवटच्या सीटवर ऐकू जाईल असं विचारायच्या. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, खाली त्या एकट्या. एकट्या म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. “ही काय मग, बाहुली हाय व्हय?” म्हणून पलंगाखाली बोट दाखवायच्या. तिथं एक पांढरी ससीण गवत चावत बसलेली असे.

निवृत्तीच्या जरा आधी गाडी रिकामी झाल्यावर सीटखाली त्यांना एक टोपली सापडली होती, आत मुठीएवढं पिल्लू. डेपोत आठ दिवस वाट पाहिली, न्यायला कुणी आलं नाही. मावशींनी तिला घरी आणलं आणि नाव ठेवलं पाशिंजर. “पाशिंजर मधीच उतरवायचा नसतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा भर घाटात एका दारुड्याला खाली उतरवा म्हणून सगळी गाडी ओरडत होती, तर त्याला आपल्या शेजारी बसवून त्यांनी गावापर्यंत नेलं होतं. वाटभर शिव्या मात्र दिल्या.

पाशिंजर पाच वर्षांची झाली आणि तिला लघवीतून रक्त जाऊ लागलं. पहिल्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. गर्भपिशवीत गाठ आहे, या वयात ऑपरेशन झेपणार नाही, इंजेक्शन देऊन शांत करू, म्हणाले. मावशींनी विचारलं, “शांत म्हंजी?” डॉक्टरांनी हळूच समजावलं. मावशींनी टोपली उचलली. “मग तुमीच व्हा शांत,” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी मागून माफी मागत.

दोन दिवसांत त्यांनी सशांवर उपचार करणारी एक तरुण डॉक्टरीण शोधून काढली. तिनं धोका नीट सांगितला, पण काढता येईल असंही सांगितलं. गल्लीला हे पटेना. समोरचे देशमुख काका म्हणाले, “सशासाठी एवढा खटाटोप? दुसरा आणा की.”

“काका, मागल्या साली तुमचा गुडघा बदलला. आमी म्हणलो का, दुसरे काका आणा म्हणून?”

काका आठवडाभर गॅलरीत दिसले नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी पाशिंजरपुढचं गवत काढून घेतलं. ऑपरेशन म्हटलं की पोट रिकामं हवं, हे कुणी सांगायला कशाला हवं? मलाही ते बरोबरच वाटलं. मावशी स्वतःही जेवल्या नाहीत. सकाळी डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. सशाला उपाशी ठेवायचं नसतं, त्याचं आतडं थांबतं. आज ऑपरेशन नाही, आधी हिला खायला घाला आणि लेंड्या नीट पडल्या की उद्या आणा, म्हणाल्या. रिक्षात मावशींचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली गेला, की मला कान द्यावा लागला.

“मला ठेवलं होतं ना उपाशी,” त्या म्हणाल्या. “बत्तीसची होते. माझी पिशवी काढली तवा सासूनं दवाखान्यात सोडलं अन् गेली. शेजारी कुणी बसलं नाय. शुद्धीवर आले तर पाणी द्यायला बी माणूस नाय.” मग टोपलीत हात घालून आवाज चढवला, “हिला तसं नाय होऊ द्यायची! म्या हाय हितं!” रिक्षावाल्यानं दचकून ब्रेक मारला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत त्या तिला कोथिंबीर भरवत होत्या. गाठ निघाली, ससीण शुद्धीवर आली, पण लेंडी पडेना. ती पडल्याशिवाय काही खरं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरी आणल्यावर दर दोन तासांनी मी तिला धरायचं आणि मावशींनी सुई काढलेल्या सिरिंजनं पातळ खाणं भरवायचं. मुक्या जिवाचे हाल करताय, असं काका पुन्हा बोलून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारावर थाप पडली. काका चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर मावशींनी तळहात पुढे केला. त्यावर तीन लेंड्या. “घ्या बघून. गाडी सुरू झाली!”

गेल्या हिवाळ्यात मावशींच्या हृदयानं दगा दिला. वॉर्डात नर्सनं मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” मी काही बोलायच्या आत मावशींनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. “माझीच हाय ती. बसू दे तिला.” मी बसले. शेवटपर्यंत बसले.

तेराव्याला बिडकीनहून त्यांची भाची आली होती. बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, “ताई, तुमची नोकरी, भाड्याचं घर. सशाला आमच्या शेतात सोडून देते.”

“मधीच उतरवायचा नसतो,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की समोर काकांच्या गॅलरीचं दार उघडलं.

मी टोपली उचलली आणि पाशिंजरला वर घेऊन आले.